वॉकर जरूर घ्या, कॅप्सूल तिथेच राहू द्या

बडोद्याच्या रावपुऱ्यातलं हे मेडिकल-सर्जिकलचं दुकान आमच्या दांडिया बाजारच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. गाय आडवी आली आणि भाऊजींची स्कूटर घसरली. डोक्यात थोडा रक्तस्राव झाला. ऑपरेशन टळलं, पण घरी आल्यावर तोल जायचा. वॉकर आणि कमोडची खुर्ची इथूनच भाड्यानं आणली. माल स्वच्छ, पायांचे रबर नवे. दुकानातला मुलगा घरी आला, भाऊजींना उभं करून मनगटाच्या रेषेला मूठ येईल अशी उंची लावून गेला. त्याचे वेगळे पैसे नाहीत. एवढं कोण करतं हल्ली?

मग काउंटरवरची ती बाटली. ‘मेंदूतलं जादा ग्लुटामेट घटवते’, 60 कॅप्सूल, 1,850 रुपये. ग्लुटामेट म्हणजे मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन. ‘बेन, फरक पडशे ज,’ म्हणत दुकानदारानं ती सासूबाईंच्या पिशवीत घातली. वर टोमॅटो आणि चायनीज बंद करा, त्यातही ग्लुटामेट असतं, हा सल्ला फुकट. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय राहवलं नाही.

दावा अगदीच हवेतला असता तर एवढा राग आला नसता. डोक्याला मार बसला की जखमी पेशींतून ग्लुटामेट बाहेर सांडतं, शेजारच्या पेशींना ते भलतंच चेतवतं, त्यांच्यात कॅल्शियम घुसतं आणि मार न लागलेल्या पेशीही मरतात. जादा ग्लुटामेट मेंदूच्या पेशी मारू शकतं, हे जॉन ओल्नी यांनी 1969 मध्येच उंदरांत दाखवलं होतं. पुढे इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या विवियन टाइखबर्ग यांनी युक्ती काढली: मेंदूला हात न लावता रक्तातलं ग्लुटामेट कमी करा, मग मेंदूतलं जादा आपणच रक्तात उतरेल. त्यासाठी शरीरातच बनणारं एक रसायन, ऑक्सॅलोअ‍ॅसिटेट द्यायचं, त्याच्या जोडीनं रक्तातलं एक एन्झाइम ग्लुटामेटचं दुसरंच काही करून टाकतं. हे एन्झाइम म्हणजे लिव्हरच्या रिपोर्टमधलं आपलं एसजीओटी. माझं तर रोजचं गिऱ्हाईक! लाल पेशींत ते इतकं भरलेलं असतं की नमुना हिमोलाइज झाला, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटल्या, तर आकडा उगाच चढतो आणि पेशंटला परत बोलवावं लागतं.

पण ते प्रयोग उंदरांवरचे. औषध शिरेतून, तेही मार बसल्यावर लगेच. बाटलीत काय, तर तेच रसायन, कॅप्सूलमागे 100 मिलिग्रॅम, तोंडानं घ्यायचं, आणि आमच्याकडे अपघाताला महिना उलटून गेलेला. ग्लुटामेटचा मोठा लोट पहिल्या काही मिनिटांत-तासांत येतो, फार गंभीर दुखापतीत काही दिवस रेंगाळतो. बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. इस्पितळातल्या रुग्णांवरही ग्लुटामेटचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटतं त्या जागा, अडवणारं सेल्फोटेल नावाचं औषध 1990 च्या दशकात वापरून पाहिलं होतं. फायदा दिसेना म्हणून चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. मोठमोठ्या कंपन्यांचे हात जिथे पोळले, तिथे ही बाटली काय दिवे लावणार? त्यातून लेबलवर ‘थंड जागी ठेवा’ आणि बाटल्या मांडलेल्या दुपारच्या उन्हात, काचेच्या कपाटात. ऑक्सॅलोअ‍ॅसिटेट मुळातच नाजूक, उष्णतेत मोडतं.

टोमॅटोचंही तसंच. खाण्यातलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच संपवतात, आणि रक्तातलं सहजासहजी मेंदूत शिरत नाही. हे सासूबाईंना पटवायला मला दोन जेवणं लागली. आता टोमॅटोचं सार पुन्हा सुरू आहे. न्यूरोसर्जननी दिलेली झटक्यांची गोळी मात्र वेळच्या वेळी चालू.

सील न फोडलेली बाटली परत घ्यायला दुकानदारानं बरीच खळखळ केली. रोख नाहीच दिली, शेवटी वॉकरच्या भाड्यात वळती केली. भाड्याच्या सामानाला पाचातले चार तारे, काउंटरवरच्या डॉक्टरकीला एक, तोही बाटली परत घेतली म्हणून. गेलात तर अनामत रकमेची पावती तारखेसकट लिहून घ्या. तोंडी हिशेबात त्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो.