थकलेला मेंटेनन्स: हप्ते बांधून द्यायचे की वसुली दाखला मागायचा?

सोसायटीच्या कमिटीवर गेलात की हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. कॉमन मीटरचं महावितरणचं बिल, पाणीपट्टी, लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराचे पैसे (एएमसी), वॉचमनचा पगार हे सगळं सोसायटीच्या खात्यातून तारखेला जातं, आणि काही फ्लॅट मात्र महिनोन् महिने पैसे भरत नाहीत. माझ्या मते अशा वेळी कमिटीसमोर खरे मार्ग दोनच असतात. एक, थकबाकीदारासोबत बसून हप्ते बांधून द्यायचे आणि व्याजात थोडं सांभाळून घ्यायचं. दुसरा, सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, वसुली दाखल्यासाठी अर्ज करायचा. थकबाकी सक्तीनं वसूल करता यावी म्हणून ते देतात तो हा दाखला. बरेच जण अजून त्याला '१०१ चा दाखला' म्हणतात. २०१९ च्या दुरुस्तीत गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि कलमाचा आकडा बदलला, एवढंच.

पाणी तोडणं मी यात धरलेलंच नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. शिवाय नळ तोडला की थकबाकीदार तक्रारदार होतो आणि सोसायटी उत्तरं देत बसते. 'फ्लॅट विकायला काढेल तेव्हा घेऊ की वसूल करून' असं म्हणणारेही भेटतात. सभासदत्व हस्तांतर होताना थकबाकी चुकती करून घेता येते हे खरं, पण तोवर पंपाचं बिल कुणी भरायचं?

आधी हप्त्यांविषयी, कारण आम्हीही सुरुवात तिथूनच केली. कोल्हापुरात हा मार्ग जवळचा वाटतो आणि त्याला कारण आहे. इथं फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कितीतरी लोकांची शेती अजून गावाकडं आहे. कागल, शिरोळ, राधानगरीकडं ऊस असतो आणि घरातला मोठा पैसा गळीत हंगामातच हातात येतो. 'कारखान्याचं बिल जमा झालं की देतो' हे वाक्य दरवेळी बहाणाच असतं असं नाही. अशा सभासदाला दर महिन्याचा हप्ता लावून काही उपयोग होत नाही. हंगामात दोन मोठे हप्ते आणि बाकीच्या महिन्यांत फक्त चालू बिल, अशी बांधणी केली तर पैसे येतात, हा आमचा अनुभव आहे. फी नाही, सुनावणी नाही, जिन्यात एकमेकांकडं बघून मान फिरवायची वेळ येत नाही. नोकरी गेलेला माणूस किंवा दवाखान्यात खर्च झालेलं घर असेल तर दुसरा विचारही करू नये.

मात्र हप्ते कागदावर हवेत. थकबाकीची रक्कम सभासदाला मान्य आहे असं त्याच्या सहीनं लिहून घ्यायचं, कमिटीच्या सभेत ठराव करायचा आणि पुढच्या तारखांचे चेक घ्यायचे. चेक न वटता परत गेला तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली तो गुन्हा ठरू शकतो. व्याज माफ करायचं असेल तर तो विषय सर्वसाधारण सभेत घ्यावा. कमिटीनं परस्पर सूट दिली की वेळेवर भरणारे सभासद विचारणारच, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे.

आता ज्या गोष्टीनं माझं मत ठरलं ती सांगतो. सामोपचाराच्या बोलण्यात पैशाचा विषय कधीच एकटा राहत नाही. आमचे एक सभासद, वयानं मोठे, स्वभावानं चांगले. त्यांना म्हटलं, 'काका, मेंटेनन्सचं तेवढं बघा की.' त्यावर उत्तर ठरलेलं: 'ते देतो की रं, पण आमच्या बाथरूमच्या स्लॅबातनं पाणी गळतंय ते कोण बघणार?' गळती खरी होती. म्हणून प्लंबर बोलावला. तो येऊन गेल्यावर पार्किंगचा विषय निघाला, मग गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाचा, मग मागच्या कमिटीनं रंगकामाला किती पैसे दिले त्याचा. एकेक तक्रार घेतली तर रास्तच असायची. पण प्रत्येक तक्रार थकबाकीला अडकवलेली, त्यामुळं ना पैशाचा निकाल लागे ना तक्रारीचा. खजिनदार त्या मजल्यावर जायला टाळू लागले. गळती दुरुस्त करायचं म्हटलं तरी कमिटीतलं कुणीतरी म्हणायचं, 'आधी पैसे भरू देत.' म्हणजे आम्हीही तेच करायला लागलो होतो. हे मला फार लागलं. शेजाऱ्याची गळती ही वसुलीचं हत्यार होऊ नये.

उपनिबंधकांसमोर हा गुंता सुटतो. तिथं प्रश्न मोजकेच असतात. आकारणी उपविधी (सोसायटीची नियमावली) आणि ठरावाप्रमाणे आहे का, बिलं दिली का, नोटिसा पोचल्या का, खात्यावर बाकी किती. गळतीची तक्रार असेल तर ती वेगळी मांडायची. सेवेत उणीव आहे म्हणून देणं थांबवायचा हक्क सभासदाला आपोआप मिळत नाही. आमच्याकडं अर्ज दाखल झाल्यावर काकांनी गळतीचा स्वतंत्र लेखी अर्ज दिला. कमिटीनं तो पैशाचं काहीही न बोलता घेतला आणि काम करून दिलं. पैशाचा निकाल त्याच्या वाटेनं लागला. दोन्ही गोष्टी सुट्या झाल्यावर आमचं बोलणंही पूर्वीपेक्षा सरळ झालं. दाखला मागितला की संबंध तुटतात असं सगळे सांगतात. आमच्याकडं तरी उलट झालं. प्रत्येक इमारतीत असंच होईल असा माझा दावा नाही.

या मार्गाला धारही आहे. दाखला मिळाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. वसुली अधिकारी सहकारी संस्थांच्या १९६१ च्या नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे आधी जंगम आणि मग स्थावर मालमत्तेवर जप्ती आणू शकतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण मागायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळं नुसता वेळ काढायला वर जाणं परवडत नाही. बहुतेक लोक जप्तीपर्यंत थांबतच नाहीत असं मला वाटतं.

पण अर्ज करायच्या आधी स्वतःचं दप्तर तपासा, कारण तिथं सोसायटीचीही परीक्षा असते. आदर्श उपविधीप्रमाणे सेवा शुल्क आणि लिफ्टचा खर्च सगळ्या फ्लॅटना समान येतो. तळमजल्यावरचा सभासद 'मी लिफ्ट वापरत नाही' म्हणाला तरी फरक पडत नाही. पाण्याचं मात्र तसं नाही. तो खर्च प्रत्येक फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार यांवर वाटायचा असतो. आपल्याकडं कित्येक ठिकाणी पाणीही सरसकट समान वाटतात आणि समोरचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो. व्याज साधं, दरसाल २१ टक्क्यांपर्यंतच. हिशेबाचं सॉफ्टवेअर व्याजावर व्याज लावत नाही ना, हे खातेउतारा काढून हातानं पडताळा. फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेला जादा आकार, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाता कामा नये. कुलूप लावून मालक पुण्यात असेल तर हे शुल्क लागत नाही, पण सेवा शुल्क चुकत नाही. बिलांच्या प्रती, नोटिसांच्या पोचपावत्या, खातेउतारा, ठराव आणि नोंदणी प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावलं की निम्मं काम झालं. बिल व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणजे पोचलं असं धरू नका, सही घ्या.

वाद आकारणीच्या पद्धतीवरच असेल, समजा वरच्या मजल्याला टेरेसमुळं जादा शुल्क लावलंय आणि त्याला ते मान्य नाही, तर ते प्रकरण सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचं आहे. ती वाट लांबची. आणि तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, कोल्हापुरात अशा पुष्कळ आहेत, तर तिथं सामाईक खर्च अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात वाटला जातो. वरचं समान वाटणीचं गणित तिथं लागू नाही. आधी तुमच्या इमारतीचं घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लरेशन) उघडा.

मला कुणी विचारलं तर मी दाखल्याकडं झुकतो. ऐपत असून न देणारा, किंवा दरवेळी नवी तक्रार पुढं करणारा सभासद असेल तर विशेषच. बिल मिळून तीन महिने उलटले की तो थकबाकीदार ठरतो आणि कमिटीवर राहायलाही अपात्र होतो. त्याच सुमाराला पहिली नोटीस द्यावी. रक्कम लहान असते तेव्हा ती भरणंही सोपं असतं आणि मनंही फारशी दुखावलेली नसतात. वर्षानुवर्षं साठू दिलेली थकबाकी बघून मला सभासदापेक्षा कमिटीचा जास्त राग येतो.

एका बाबतीत मात्र मी हप्त्यांच्याच बाजूनं उभा राहीन. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी उपसा केंद्रांत शिरलं, शहराचा पाणीपुरवठा बंद पडला आणि सोसायट्यांवर टँकरचा खर्च आला. त्याच वेळी खालच्या भागातल्या तळमजल्यांवर लोकांचं धान्य, फ्रीज, गाद्या सगळं गेलं. अशा घराच्या दारावर नोटीस लावू नये. त्यांना हप्ते बांधून द्या, व्याजाचा विषय सभेपुढं ठेवा. फक्त करारात शेवटच्या हप्त्याची तारीख स्पष्ट लिहा, आणि सलग दोन हप्ते चुकले तर कमिटी वेगळी चर्चा न करता १५४ब-२९ खाली अर्ज करेल हे वाक्य त्याच कागदावर, दोघांच्या सह्यांच्या वर असू द्या. पुढं खजिनदाराला दार वाजवायला जावं लागत नाही.