नाशिकच्या कारखान्यात शेअरपॉइंट: इंट्रानेट म्हणून कितपत चालतं?

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या अनेक कंपन्यांकडे मायक्रोसॉफ्ट 365 ची लायसन्स आधीपासून आहेत. कंपनीच्या आतल्या साइट आणि फाइल सांभाळणारं शेअरपॉइंट त्यातच येतं, त्यामुळे इंट्रानेटसाठी, म्हणजे फक्त कर्मचाऱ्यांसाठीच्या अंतर्गत वेबसाइटसाठी, वेगळं सॉफ्टवेअर घ्यायची गरज सहसा पडत नाही. तरीही अशा कितीतरी इंट्रानेटच्या पहिल्या पानावर एमडींचा संदेश आणि मागच्या सुरक्षा सप्ताहाचे फोटो असतात, आणि बसची बदललेली वेळ मात्र व्हॉट्सअॅपवरूनच कळते. यात उत्पादनाचा दोष थोडा आणि मांडणीचा जास्त. हे परीक्षण शॉप फ्लोअरवरच्या माणसाला समोर ठेवून केलं आहे, कारण ऑफिसात लॅपटॉपवर बसणाऱ्याचं कसंही भागतं.

आधी जमेची बाजू. कम्युनिकेशन साइट (बातम्या-माहिती दाखवण्यासाठीचा साइटचा तयार प्रकार) घेतली तर पान बनवायला कोड लागत नाही. एचआरमधली व्यक्ती स्वतः बातमी टाकू शकते. चुकून उडवलेली फाइल 93 दिवस रिसायकल बिनमध्ये राहते. एकात एक सबसाइट कोंबण्याचा जुना प्रकार सोडून द्यावा. एचआर, सुरक्षा, सातपूर प्लांट, सिन्नर प्लांट अशा सुट्या साइट करून त्या हब साइटने, म्हणजे सगळ्यांना एकत्र बांधणाऱ्या मुख्य साइटने, जोडाव्यात. उद्या विभागांची फेररचना झाली तर साइट एका हबमधून काढून दुसऱ्यात लावता येते, काही पाडावं लागत नाही.

पहिल्या पानावर काय असावं हे ठरवायला मीटिंग घेऊ नका. टाइम ऑफिसच्या खिडकीवर आणि एचआरच्या टेबलावर एक वही ठेवा आणि आठवडाभर येणारा प्रत्येक प्रश्न तिच्यात लिहा. रजा किती शिल्लक आहे, पगार स्लिप कुठे मिळेल, फॉर्म 16 कधी येणार, पीएफचं नॉमिनेशन कसं करायचं, आज कॅन्टीनमध्ये काय आहे, बस किती वाजता. वहीत सर्वांत जास्त वेळा आलेले प्रश्न तेच पहिल्या पानाचे वरचे दुवे. वर जागा तशीही कमीच असते: हीरो वेब पार्टमध्ये (पानाच्या माथ्यावरच्या मोठ्या चित्र-चौकटींच्या भागात) जास्तीत जास्त पाच चौकटी बसतात आणि फोनवर त्या एकामागून एक सरकवत पाहाव्या लागतात. म्हणून रोजच्या कामाचे दुवे हीरोमध्ये न ठेवता क्विक लिंक्समध्ये, म्हणजे छोट्या दुव्यांच्या यादीत, ठेवावेत.

बसचं पान नीट पाहण्यासारखं आहे, कारण सगळ्या चुका तिथे एकत्र भेटतात. वेळापत्रक एक्सेलमध्ये असतं, त्याची पीडीएफ करून चढवली जाते. फोनवर ती उघडली की अक्षर मुंगीएवढं दिसतं. बोटांनी मोठं करावं तर डावीकडचं थांब्याचं नाव पडद्याबाहेर जातं आणि समोरची वेळ कोणत्या थांब्याची ते कळत नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक मार्गाला वेगळं पान आणि प्रत्येक थांब्याला एक ओळ: पंचवटी कारंजा 6.05, द्वारका 6.15, मुंबई नाका 6.20, पाथर्डी फाटा 6.35. टेबल नको, रकाने नकोत. शेअरपॉइंट फोनवर सगळे रकाने एकाखाली एक लावतं, आधी डावा, मग उजवा. संगणकावर शेजारी दिसणारी सूचना फोनवर चार पडदे खाली जाते. पानाच्या सुरुवातीलाच ‘शेवटचा बदल’ आणि त्याची तारीख हवी. 2027 च्या सिंहस्थात द्वारका-पंचवटी भागातली वाहतूक वळवली जाणार हे उघड आहे, तेव्हा हे पान दिवसातून दोनदाही बदलावं लागेल. ते बदलण्याचा अधिकार ट्रान्सपोर्ट पाहणाऱ्या माणसाकडेच द्या, आयटीकडे नको.

फोटोंचंही तसंच. फोनमधून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा टाकला की शेडमध्ये, पत्र्याखालच्या रेंजवर, पान उघडतच नाही. फोटो 300 केबीच्या आत आणावा.

आता शोध. इथे शेअरपॉइंटला पूर्ण गुण देता येत नाहीत. ज्याला फाइल पाहायचा अधिकार नाही त्याला ती शोधात दिसत नाही, ही गोष्ट उत्तम. पण मराठी मजकुराची अडचण वेगळीच आहे. जुनी परिपत्रकं श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. डोळ्याला ती मराठी दिसतात, आत मात्र रोमन अक्षरांचे संकेत असतात, त्यामुळे ‘रजा’ शोधलं तर त्यांतलं एकही सापडणार नाही. स्कॅन करून चढवलेल्या आदेशांचीही तीच गत. चालू असलेली परिपत्रकं युनिकोडमध्ये बदलून पानाच्या मजकुरातच घालावीत. रद्द झालेली चढवूच नयेत. शिवाय लोक ‘raja arj’ किंवा ‘pagar slip’ असंही टाइप करतात. अॅडमिनला शोधासाठी बुकमार्क (ठरावीक शब्द शोधला की वर दिसणारा ठरलेला दुवा) बनवता येतात, त्यांच्या कीवर्डमध्ये रजा, सुट्टी, leave, raja हे सगळे शब्द टाका. तेच शब्द पानाच्या तळाशी एका ओळीतही लिहून ठेवा. कोणत्या शोधाला उत्तर मिळालं नाही याचा अहवाल शेअरपॉइंट देतं. महिन्यातून एकदा तो उघडला की पुढची दुरुस्ती आपोआप समजते.

मराठी शीर्षकाबद्दल एक बारकी सूचना. पान आधी leave-rules अशा साध्या रोमन नावाने जतन करा, मग शीर्षक मराठीत बदला. पत्ता रोमनच राहतो. सुरुवातीलाच देवनागरी शीर्षक दिलं तर व्हॉट्सअॅपवर पाठवताना दुव्यात टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ तयार होते.

सर्वांत धोकादायक गैरसमज ऑडियन्स टार्गेटिंगबद्दल, म्हणजे गटानुसार मजकूर दाखवण्याच्या सोयीबद्दल, आहे. या सोयीमुळे सिन्नरच्या कामगाराला सिन्नरचीच बातमी दाखवता येते आणि ते छान चालतं. पण हे फक्त दाखवणं-लपवणं आहे. दुवा हाती लागला किंवा शोधात फाइल आली, तर ती उघडते. पगारवाढीच्या तक्त्याला ‘फक्त मॅनेजर’ असं टार्गेटिंग लावून निर्धास्त राहू नका. अधिकार लायब्ररीवरच, म्हणजे फाइल ठेवलेल्या साठ्यावरच, लावा. साइट खुली करण्याआधी ट्रेनीच्या लॉगिनने ‘salary’, ‘increment’, ‘पगार’ शोधून पाहा. काही निघालं तर बहुतेक वेळा कुणीतरी लायब्ररीला संस्थेतल्या सगळ्यांचा गट जोडलेला असतो.

विभागानुसार गट आपोआप भरले जावेत असं वाटत असेल तर एंट्रा आयडी पी1 (मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन-व्यवस्थेचं लायसन्स) लागतं. ते मायक्रोसॉफ्ट 365 च्या एफ1, एफ3 आणि बिझनेस प्रीमियम या प्लॅनमध्ये आहे, बिझनेस बेसिकमध्ये नाही. बेसिकवाल्यांनी गट हाताने सांभाळायची तयारी ठेवावी. बिझनेसच्या प्लॅनना 300 लोकांची मर्यादा आहे, हेही आधीच बघा.

लॉगिनवर मात्र प्रकल्प अडकतो. कामगार फोन बदलतो, ऑथेंटिकेटर या लॉगिन पडताळणीच्या अॅपमधलं कंपनीचं खातं नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं, आणि दुसऱ्या पाळीत आयटीचं कुणी नसतं. एंट्रामध्ये टेम्पररी अॅक्सेस पास नावाची सोय आहे: 10 मिनिटांपासून 30 दिवसांपर्यंत चालणारा तात्पुरता कोड. तो देण्याचं काम तिन्ही पाळ्यांत कुणाकडे असेल, हे उद्घाटनाआधी ठरवा. कंत्राटी कामगारांना लायसन्स देणार नसाल तर त्यांच्यासाठीच्या सूचना फलकावरच लागतील.

फोनवर हे सगळं टीम्स या मायक्रोसॉफ्टच्या चॅट अॅपमधून विवा कनेक्शन्सने (त्यात इंट्रानेट दाखवणाऱ्या भागाने) उघडावं. डॅशबोर्डवर रजा, बस, कॅन्टीन, पगार स्लिप ही मोठी कार्डं राहतात आणि प्रत्येक कार्ड गटानुसार दाखवता येतं. सहापेक्षा जास्त कार्डं ठेवू नयेत, असं आमचं मत.

फाइल सर्व्हरवरचं फोल्डरांचं झाड उचलून आणू नका. फोल्डरांच्या नावांसह फाइलच्या पूर्ण पत्त्याला 400 अक्षरांची मर्यादा आहे, आणि एका यादीत 5,000 नोंदींपुढे इंडेक्स (झटपट शोधासाठीची अनुक्रमणिका) नसलेल्या रकान्यावर फिल्टर लावला की व्ह्यू अडतो, म्हणजे यादी दिसत नाही. विभाग, वर्ष, प्लांट असे रकाने करा, वेळेत इंडेक्स करा. त्यात ‘जबाबदार व्यक्ती’ आणि ‘पुन्हा तपासण्याची तारीख’ हेही असू द्या; पॉवर ऑटोमेट या मायक्रोसॉफ्टच्या कामं आपोआप करणाऱ्या साधनाने त्या तारखेला आठवणीचा मेल जातो. मालक नसलेलं पान वर्षभरात खोटं बोलू लागतं, आणि एकदा चुकीची वेळ पाहून बस चुकलेला माणूस परत तिथे पाहत नाही.

दुसरं काही घ्यावं का? वर्कप्लेस हे कंपन्यांसाठीचं नेटवर्क बंद करण्याची घोषणा मेटाने मे 2024 मध्ये केली, तेव्हा तो पर्याय संपला. गूगल वर्कस्पेस वापरणाऱ्यांना गूगल साइट्स सोपं पडेल. पण गटानुसार बातमी दाखवण्याची सोय त्यात नाही.

आमचा कौल: 200 च्या वर माणसं, एकापेक्षा जास्त प्लांट आणि लायसन्स हातात असतील तर शेअरपॉइंट घ्याच. अंबडमधल्या चाळीस माणसांच्या वर्कशॉपला व्हॉट्सअॅपचा फक्त अॅडमिनने लिहायचा ग्रुप आणि गेटजवळचा फलक पुरतो. फलक मोठ्या कंपनीनेही काढू नये. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यानुसार अंतर्गत समितीचा आदेश कामाच्या ठिकाणी ठळकपणे लावावाच लागतो; इंट्रानेटवर त्याची प्रत ठेवा, भिंतीवरची तशीच राहू द्या.