मेशटॅस्टिकचे दोन बोर्ड, पंचगंगेचा पूर आणि बिटकॉइन

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. मोबाइलचा टॉवर नसताना चार ओळी इकडून तिकडे पोचवायला मेशटॅस्टिकचे हे छोटे रेडिओ बोर्ड एक नंबर. त्यावर क्रिप्टोची नाणी कमवायची स्वप्नं कुणी विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

घेतलं ते असं: ईएसपी३२-एस३ कंट्रोलर, त्याच्या शेजारी एसएक्स१२६२ ही लोरा चिप (लोरा म्हणजे थोड्या विजेत लांब पोचणारा रेडिओ), इंचभराचा ओलेड पडदा, टाइप-सी पोर्ट. दोन बोर्ड पाच हजारांच्या आत बसले. याच घडणीचा माल दोन-तीन चिनी कंपन्या काढतात, त्यामुळे नावाच्या मागं न लागता चिपचा नंबर आणि बँड बघा. ४३३ मेगाहर्ट्झचा बोर्ड स्वस्त दिसला तरी उचलू नका. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरायला मोकळा आहे, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. ट्रान्समीटरची ताकद एक वॉटपर्यंत चालते. या बोर्डांची त्याच्या पाव हिस्सासुद्धा नाही.

मेशटॅस्टिक हे त्यात घालायचं सॉफ्टवेअर. बोर्ड ब्लूटूथनं फोनला जोडायचा, मेसेज फोनवर लिहायचे-वाचायचे, आणि मधे तिसरा बोर्ड असेल तर तो ते पुढं ढकलतो. फुकट, मुक्त स्रोताचं, २०२० मध्ये सुरू झालेलं. यूएसबी लावून ब्राउझरमधूनच चढतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त रीजन ‘इंडिया’ निवडल्याशिवाय रेडिओ तोंड उघडत नाही, आणि अँटेना न जोडता वीज द्यायची नाही. चिप जळू शकते.

मेख पुढं आहे. मूळ सेटिंग ‘लाँग फास्ट’, त्याची बँडविड्थ, म्हणजे सिग्नलची रुंदी, २५० किलोहर्ट्झ. आपल्या नियमात ही रुंदी २०० किलोहर्ट्झ सांगितलीय. यूट्यूबवरची पोरं हे बोलत नाहीत. मी ‘लाँग मॉडरेट’ ठेवलंय, १२५ किलोहर्ट्झवालं. वेग तिपटीनं उतरतो, सेकंदाला साडेतीनशे बिटांच्या आसपास येतो, पण लांबचा बारीक सिग्नल जास्त चांगला पकडतो. मात्र समोरच्यानंही तेच सेटिंग ठेवलं पाहिजे, नाहीतर दोघं शेजारी बसून मुके.

आता रेंज. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर पीव्हीसी पाइपाला एक बोर्ड बांधला आणि दुसरा खिशात घालून हिंडलो. महाद्वार रोडच्या गर्दीत, जुन्या वाड्यांच्या बोळात शिरलं की मामला गार. बिंदू चौकात एखादा मेसेज येतो, एखादा नाही. डब्याबरोबर आलेली बोटभर अँटेना फेकून द्यायच्या लायकीची आहे. लांब फायबरग्लासची लावल्यावर फरक पडला. पण खरा फरक उंचीचा.

माघात जोतिबाचे खेटे सुरू झाले की भाचा रविवारी पहाटे दोस्तांबरोबर चालत निघतो. त्याच्या पिशवीत दुसरा बोर्ड टाकला. शिवाजी पुलापर्यंत मेसेज येत होते. वडणगे, निगवे, कुशिरे या सगळ्या पट्ट्यात चिडीचूप. मी चहा पिऊन, पेपर वाचून कंटाळलो. आणि मग फोन वाजला: ‘मामा, गायमुखाच्या वर आलोय. पोचतंय का?’ पोचत होतं! सिग्नल हवेतल्या गोंगाटाच्या पातळीच्या अकरा डेसिबल खाली होता. एफएमवर एवढ्यात नुसती खरखर ऐकू आली असती. लोरा त्यातूनही अक्षरं वेचून काढतं. मधे ना सिमकार्ड, ना टॉवर, ना रिचार्ज. डोंगरमाथ्यावरून त्यानं देवळाचा फोटो पाठवायचा प्रयत्न केला, त्याला आवरावं लागलं. हे काम मजकुराचं आहे, फोटोचं नाही.

मजकुरातही हात आखडता. एका मेसेजला साधारण २०० बाइट मिळतात. देवनागरीत प्रत्येक अक्षर तीन बाइट खातं, वर काना, मात्रा, अनुस्वाराचे वेगळे तीन-तीन. म्हणजे मराठीत साठ-पासष्ट खुणांत विषय संपवायचा. ‘राजाराम ४१ फूट. शिरोलीकडून येऊ नका’ एवढं आरामात बसतं, घरची चौकशी नाही बसत. बोर्डाच्या पडद्यावर मराठी उमटत नाही, फोनवर मात्र व्यवस्थित वाचता येतं.

पुराचं उदाहरण उगीच घेतलेलं नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आमचा आतेभाऊ प्रयाग चिखलीचा. पाणी चढायला लागलं की तिकडची माणसं जनावरं घेऊन सोनतळीला जातात. वीज जाते, मग टॉवरच्या बॅटऱ्या बसतात, आणि नेमकं तेव्हाच आत्याचा फोन लागत नाही. म्हणून एक बोर्ड आता त्याच्याकडं आहे. सोनतळीहून राजारामपुरीला मेसेज थेट येत नाही. नागाळा पार्कात मित्राच्या पाच मजली इमारतीच्या टाकीवर तिसरा बसवला तेव्हा जमलं.

हा तिसरा वेगळ्या जातीचा, एनआरएफ५२८४० चिपचा, आणि मला विचाराल तर पहिलाच तो घ्या. ईएसपी३२ वाला वीज पितो. १८६५० चा एक लिथियम सेल दिवसभरात संपवतो. एनआरएफ त्याच्या दहाव्या हिश्श्यात भागवतो, त्यामुळं लहान सोलर पॅनेलवर पावसाळी ढगातही तग धरतो. डबा मी शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्येच केला: इलेक्ट्रिकचा जंक्शन बॉक्स, केबल ग्लँड, फटीत एम-सील. बोर्डाबरोबर आलेली प्लॅस्टिकची चौकट पहिल्याच उन्हाळ्यात वाकडी झाली. बॅटरीचं कनेक्टर सव्वा मिलिमीटरचं, आणि तयार मिळणाऱ्या बॅटऱ्यांची लाल-काळी वायर कधी उलटी असते. मल्टिमीटर लावल्याशिवाय खोचू नका. चॅनेलची मूळ किल्लीही, म्हणजे मेसेज गुपित ठेवणारा सांकेतिक आकडा, बदला. ती जगभर सगळ्यांकडे सारखीच आहे, म्हणजे कुलूप आहे पण किल्ली दारालाच लटकवलेली.

आता नाण्यांचं. ‘लोरा’ म्हटलं की कुणीतरी हीलियमचं, म्हणजे लोराचा खोका लावणाऱ्याला क्रिप्टो नाणी देणाऱ्या जाळ्याचं, नाव काढतंच. गावातल्या एका विक्रेत्यानं मला तसला खोका दाखवला: गच्चीवर लावा, झोपा, नाणी पडत राहतील. हीलियमचं जाळं २०१९ ला सुरू झालं, २०२३ च्या एप्रिलमध्ये सोलाना या साखळीवर (ब्लॉकचेनवर) गेलं. तुमचा खोका आहे तिथं खरंच आहे, हे आसपासच्या दुसऱ्या खोक्यांनी ऐकून पटवायचं असतं. शेजारी कुणी नसेल तर साक्ष कोण देणार? वापराचा भाव बघा: २४ बाइटला एक डॉलरचा एक लाखावा भाग. उसाच्या रानातला एक सेन्सर दर तासाला एक निरोप पाठवतो असं धरलं, तर वर्षाचे ८,७६० निरोप, म्हणजे नऊ सेंटसुद्धा नाहीत. साताठ रुपये! विक्रेत्याला हे मांडून दाखवलं तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. आणि तो खोका लोरावॅन ही लोराची दुसरीच बोली बोलतो, मेशटॅस्टिकशी त्याचं जमत नाही. मेशटॅस्टिकमध्ये नाणंबिणं काही नाही, एकमेकांचे निरोप फुकट पुढं ढकलायचे.

बोर्डांवरून बिटकॉइनचा व्यवहार पाठवायचा प्रयोग मात्र मी मजेनं केला, टेस्टनेटवर, म्हणजे खोट्या नाण्यांनी. इंटरनेट नसलेल्या लॅपटॉपवर व्यवहार सही करून तयार केला. साधा व्यवहार २२२ बाइटांच्या आसपास असतो. हेक्समध्ये (एका बाइटला दोन अक्षरं) लिहिला की दुप्पट, म्हणजे तीन मेसेज. एकेक तुकडा हवेत पाच-सहा सेकंद घेतो, मधला बोर्ड तो पुन्हा फेकतो. दुसऱ्या टोकाला भाच्याचा लॅपटॉप, पायथनची छोटी स्क्रिप्ट तुकडे जोडून नेटवर सोडते. एक तुकडा गळाला की पुन्हा पाठवा. पण शेवटी व्यवहार साखळीत दिसला तेव्हा दोघंही ओरडलो. यातली खरी चीज ती सही. मधला माणूस व्यवहार दाबून ठेवू शकतो. रक्कम किंवा पत्ता बदलू शकत नाही, बदलला तर सही जुळत नाही. सही करणारी खासगी किल्ली लॅपटॉप सोडून कुठं जातच नाही.

गुजरीतल्या मित्राला हे कौतुकानं सांगितलं. तो म्हणाला, ‘पूर आल्यावर बिटकॉइन घेऊन दूध कोण देणार हाय?’ बरोबरच आहे. खऱ्या नाण्यांत उतरायचं तर २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, विक्रीवर एक टक्का टीडीएस, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. टेस्टनेटवर खेळल्यानं आमचा सीए निवांत आहे.

गच्चीवरच्या बोर्डाचं नाव ‘राजारामपुरी’ ठेवलंय, लाँग मॉडरेटवर, दिवसरात्र चालू. केर्ली, शिये किंवा पन्हाळ्याच्या वाटेवर उंचावर कुणाचं घर असेल आणि बोर्ड लावायची तयारी असेल, तर एनआरएफवालाच घ्या, पावसाळ्याआधी लावा आणि यादीत हे नाव दिसलं की हाक मारा.