एमपीएचनंतर कुठली वाट: सुशीला नय्यर यांची की बंग दांपत्याची?

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करून सार्वजनिक आरोग्यात उतरायचं पक्कं केलेले तरुण डॉक्टर पुढे एका ठिकाणी अडतात. सत्तेत शिरून काम करायचं, की बाहेर राहून? या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्या विदर्भातच आहेत. डॉ. सुशीला नय्यर निवडणुका लढल्या आणि मंत्री झाल्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत राहिले. तिघांनीही सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला घेतलं, आणि अभय बंग तर लहानाचे मोठे झाले सेवाग्रामच्याच वातावरणात. शिदोरी जवळपास सारखी, म्हणूनच ही तुलना करण्यासारखी आहे.

नय्यर जन्माने पंजाबच्या, १९१४ सालच्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजातून डॉक्टर होऊन त्या १९३९ मध्ये सेवाग्रामला आल्या. तिथे कॉलऱ्याच्या साथीला तोंड दिलं, गांधीजींच्या डॉक्टर झाल्या, १९४२ पासून पुण्याच्या आगाखान पॅलेसमधला बंदिवासही भोगला. १९५२ मध्ये दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री, १९५७ मध्ये झाशीच्या खासदार, १९६२ ते ६७ केंद्रीय आरोग्यमंत्री. बायोडेटा म्हणून पाहिलं तर यापुढे काय हवं?

पण त्या पाच वर्षांतला एक प्रसंग बघा. १९६५ मध्ये कुटुंब नियोजनासाठी लूप (गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन) बसवण्याची मोहीम देशभर निघाली. बसवल्यावर रक्तस्राव झाला, पोटात दुखलं, तर बाईने कुणाकडे जायचं याची खेड्यात पुरेशी सोय नव्हती. थोड्याच वर्षांत बायकांनी लूपकडे पाठ फिरवली. मंत्रालयातून आदेश एका दिवसात निघतो, पण गावातली नर्स एका दिवसात तयार होत नाही. हा दोष एकट्या मंत्र्याचा नाही, त्या खुर्चीचाच आहे. तिथे वेग मिळतो, पण खाली काय चाललंय ते उशिरा कळतं.

बंगांचं नेमकं उलटं. १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. राणीताईंनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आहेत. बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच समजणाऱ्या जगाला तो धक्का होता. मग ३९ गावांत, गावातल्याच बाईला आरोग्यदूत करून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू झाली. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. हे छापून आलं डिसेंबर १९९९ मध्ये. देशभरच्या आशाताईंकडे हे काम केंद्र सरकारने सोपवलं २०११ मध्ये.

मधली जवळपास बारा वर्षं नीट मोजा. पुरावा हातात असूनही सही दुसऱ्याची लागते, तेव्हा इतका वेळ जातो. याच्या शेजारी डॉ. हर्षवर्धन यांचं उदाहरण ठेवा. कान-नाक-घशाचे हे डॉक्टर १९९३ च्या अखेरीस दिल्लीचे आरोग्यमंत्री झाले आणि २ ऑक्टोबर १९९४ ला दिल्लीभर पोलिओचे थेंब दिले गेले. पुढच्या वर्षी मोहीम देशभर गेली. मात्र पोलिओची लस आणि ती देण्याची पद्धत जगात आधीच सिद्ध झालेली होती. उत्तर तयार असेल तर खुर्चीइतकं जलद साधन नाही. उत्तर शोधायचंच असेल तर खुर्चीवर बसून ते सापडत नाही.

बंग राजकारणापासून लांब राहिले, असंही समजू नका. दारूविरुद्ध गावोगाव लोक उभे केल्यावर १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली, ते राजकारण नाही तर काय? फक्त मतं मागितली नाहीत. आणि नय्यर यांचंही सगळ्यात टिकलेलं काम मंत्रिपदानंतरचं आहे: गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सेवाग्रामला काढलेलं वैद्यकीय महाविद्यालय. मात्र दिल्लीतली ओळख आणि वजन नसतं, तर एका खेड्यात मेडिकल कॉलेज उभं राहिलं असतं का, याबद्दल मला दाट शंका आहे.

पैशाबद्दल लांबण लावत नाही. दोन्ही वाटांवर तो प्रॅक्टिसपेक्षा कमीच. राजकारणात वर अनिश्चितता: झाशीची जागा नय्यर यांच्याकडून १९७१ मध्ये गेली आणि १९७७ मध्ये जनता पक्षातर्फे परत आली. संस्थेत निवडणूक नसते, पण निधीचे अर्ज जन्मभर सुटत नाहीत, आणि घरच्यांनाही गडचिरोलीत राहायचं असतं. जोडीदार त्याच कामात असणं हा बंगांचा मोठा आधार होता. तो तुम्हाला असेल का, हे आधी घरी विचारा.

माझा कौल? ज्यांना माणसं जोडण्याची, वाटाघाटींची, रात्री अकराला फोन घेण्याची मनापासून हौस आहे त्यांनी राजकारणाचा विचार जरूर करावा, पण पंचविशीत नको. नय्यर आणि हर्षवर्धन पहिल्यांदा मंत्री झाले ते चाळिशीच्या जवळ, हाताशी डॉक्टरकीची वर्षं घेऊन. सरकारी सेवेत असताना निवडणूक लढवता येत नाही, राजीनामा द्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवा. तोवर बंधपत्राचं (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष टाळू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात काढा, मासिक सभेला बसा, आणि जिल्हा परिषदेची आरोग्य समिती निर्णय कसे घेते ते बघा. ती सभा कंटाळवाणी वाटली तर गडचिरोलीची वाट धरा. वाटली नाही, तर तालुक्यातल्या लोकांशी ओळखी वाढवायला लागा.