हवाई अंतर आणि वेळ दाखवणारं ॲप : काही महिन्यांच्या वापरानंतर

ताई सॅन फ्रान्सिस्कोला असते आणि आई-बाबांची तिकिटं काढायचं काम इथे बडोद्यात माझ्याकडे. त्यासाठीच दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि वेळ सांगणारं हे ॲप घेतलं.

अंतराचा आकडा भरवशाचा आहे. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साधारण १३,५०० किलोमीटर. हे पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात कमी अंतर. घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणला, तर तोही उत्तर ध्रुवाच्या बाजूनेच गेला.

पण मला सगळ्यात जास्त कामाला आलं ते मधले थांबे घालून बघणं. दुबईमार्गे सुमारे १५,००० किलोमीटर होतात, लंडनमार्गे १५,८००, सिंगापूरमार्गे तर १७,५००. बेरीज पाहिली तर दुबई बरी. तुकडे पाहिले की मत बदलतं : मुंबई-दुबई जेमतेम १,९०० आणि पुढे सलग १३,०००, म्हणजे सोळा-एक तास एकाच खुर्चीत. लंडनमार्गे ७,२०० आणि ८,६००, जवळपास निम्मं-निम्मं. आईचे गुडघे धरतात, बाबांचे पाय सुजतात. त्यांच्यासाठी मी आठशे किलोमीटर जास्तीचे आनंदाने घेतो. मधे उतरून चार पावलं चालायला तरी मिळतं.

वेळेवर मात्र विसंबू नका. ॲप एकच सरासरी वेग धरून भागाकार करतं, वारा धरतच नाही. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, त्यामुळे लंडनला जायला वेळ जास्त लागतो, परतताना कमी. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, तरी पाठीवरच्या वाऱ्यामुळे ते साडेचौदा तासांत पोचलं. अंतर जास्त आणि वेळ कमी, हे या ॲपच्या हिशेबात बसतच नाही. बंद आकाशही बसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या त्यांच्या फेऱ्या लांबल्या; ॲपमधला आकडा होता तिथेच राहिला.

घड्याळाचा फरक ते बरोबर दाखवतं. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. तिकिटावरच्या पोचायच्या वेळेत तेवढे तास मिळवा आणि निघायची वेळ वजा करा, खरा प्रवास कळतो. त्यात दांडिया बाजारातल्या घरापासून मुंबई विमानतळापर्यंतचा वेळ आणि तिथले तीन तास स्वतः धरा, विशेषतः म्हातारी माणसं असतील तर.

पाचपैकी चार देतो. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा दाखवला, तर पाचवाही देईन.