अठ्ठावन्न हजारांचा छोटा हत्ती

बेस्टमध्ये एकतीस वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीच विक्रोळी डेपोत. त्यामुळे आवाजावरून इंजिन ओळखतो असा माझा समज आहे. घरच्यांचा नाही. म्हणून जानेवारीत भिवंडीहून हा टाटा एस, म्हणजेच छोटा हत्ती टेंपो, घेऊन कन्नमवार नगरात शिरलो, तेव्हा बायको खिडकीतूनच ओरडली, "गाडी आणलीय की मेलेलं जनावर?"

तिची चूक नव्हती. 2012 चं मॉडेल, एमएच-04 पासिंग, आधीचा मालक भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलायचा. बर्फाचं खारं पाणी रोज हौद्यात झिरपायचं. बारा वर्षं! हौद्याच्या पत्र्यात बोट घातलं तर पलीकडून बाहेर यायचं. वासाचं तर विचारूच नका. आम्ही मालवणचे, मासळीशिवाय घास उतरत नाही, पण ताटातली मासळी वेगळी आणि दारातली वेगळी.

भाच्याचा भाजीचा गाळा आहे. तो आणि शेजारचे तिघे मिळून वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातून माल आणतात. भाड्याचा टेंपो एका खेपेचे दीड हजार घ्यायचा, आठवड्याला पाच खेपा. मी म्हटलं, मी रिकामाच आहे, एक गाडी बघू. नवी तेव्हा चार लाखांच्या पुढे होती. ही अठ्ठावन्न हजारांत मिळाली, कारण बघायला येणारा प्रत्येक जण हौदा बघून परत जात होता.

मी हौदा बघितलाच नाही. विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं, "मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही." गरम इंजिन कुठलंही चालू होतं, खरं काय ते गार इंजिन सांगतं. सीट उचलून खालच्या इंजिनाला हात लावला, गार होतं. इंजिनाच्या हीटरचा दिवा विझू दिला, चावी फिरवली, दुसऱ्या फेऱ्याला पकडलं. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं. पिस्टन-रिंगा गेलेल्या असल्या की तिथून धूर फुसफुसतो, आमच्या भाषेत इंजिन दम मारतं. हे मारत नव्हतं. नंतर पिशवीतून हातोडी काढली आणि गाडीखाली आडवा होऊन चेसिसच्या दोन्ही पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत ठोकल्या. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं, कुजलेलं भद्द. अगदी मागची एक आडवी पट्टी तेवढी भद्द वाजली. विकणारा म्हणाला, "काका, तुम्ही डॉक्टर आहात का?" त्याने पासष्ट सांगितले होते, त्या एका पट्टीचे सात हजार उतरले.

हे इंजिन मला पहिल्यापासून आवडतं. इंडिकाचं 1405 सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, ते अर्धं करून 702 सीसीचं दोन सिलिंडरचं केलं आणि 2005 मध्ये ही गाडी आली. ताकद सोळा हॉर्सपॉवर. यात टर्बो नाही, सेन्सरही फारसे नाहीत, त्यामुळे बिघडायला जागाच कमी. कुर्ल्याच्या फिटरने पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "चाचा, इंजिन को हाथ मत लगाओ. पत्रे का काम करो." इंजिनकामाचे पैसे सोडून देणारा फिटर मी पहिल्यांदाच बघितला.

हौदा कापून टाकला. नवा पत्रा, खाली लाकडी फळ्या, मागची पट्टी वेल्डिंग करून: साडेसतरा हजार. चार टायर बारा हजार. रेडिएटरची जाळी साडेतीन, बॅटरी चार, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश आणि एक तुटका पाटा मिळून बत्तीसशे. इन्शुरन्स, पर्यावरण कर, ट्रान्सफर आणि पासिंग यांचे सत्तावीस हजार. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, लागतं, हे विसरून फक्त किंमत बघणारे लोक नंतर रडतात. मला पासिंगच्या पहिल्या खेपेला परत पाठवलं, कारण मागची रिफ्लेक्टर टेप नव्या हौद्यावर लावायचीच राहिली होती. एकतीस वर्षं सरकारी शिस्तीत काढून ही माझी तऱ्हा.

कागदांचं एक सांगतो. आरसीवर बँकेचा बोजा होता. कर्ज कधीच फिटलेलं, पण बोजा उतरवायचा फॉर्म 35 कोणी भरलाच नव्हता. बोजा उतरवल्याशिवाय मालकी बदलायच्या 29 आणि 30 फॉर्मवर सही करून पैसे देऊ नका. चलानं पण आधी बघा. या गाडीवर अकरा निघाली, ती विकणाऱ्याकडूनच भरून घेतली.

आणि क्लच. त्याबद्दल फिटर म्हणाला होता, "अभी चलेगा." चालला, बरोबर तीन आठवडे. पहाटे सव्वापाचला, चौदा गोणी कांदा घेऊन ऐरोलीच्या पुलावर चढताना इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागेवर. जळक्या क्लचचा वास मासळीच्या वासावर चढला. भाचा म्हणाला, "मामा, टो करू या." म्हटलं, गप बस. अर्ध्या गोणी कडेला उतरवल्या, भाच्याला राखणीला बसवलं, पहिल्या गिअरमध्ये पायीच्या चालीने विक्रोळी गाठली आणि भाड्याच्या टेंपोने राहिलेला कांदा आणला. त्या टेंपोवाल्याने दीड हजारच घेतले, पण घरापर्यंत हसत होता. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट अडुसष्टशे. चूक माझीच, गिअरबॉक्स उतरवायचे पैसे वाचवत होतो.

सगळं मिळून एक लाख बत्तीस हजार.

आता गाडी कशी चालते? भरल्या गाडीने साठच्या वर जायचं नाव नको, आणि ब्रेक मारायचा तर पुढच्यापासून बस चालवताना ठेवतात तेवढं अंतर ठेवा. सीटखाली इंजिन असल्यावर मे महिन्यात बूड तापणारच, मी जाड गोणपाट घालतो. पण वळते अशी की मार्केटातल्या ज्या गल्लीत मोठे टेंपो तासभर अडकतात, तिथून मी एका दमात बाहेर. साडेसातशे किलोच्या वर भरत नाही; भाचा पंधराव्या गोणीनंतर अजून एक टाकायला बघतो, मी खाली उतरून उभा राहतो. टाकी ते टाकी मोजलं तर लिटरला सोळा-सतरा किलोमीटर मिळतात. जाऊन-येऊन डिझेल सव्वादोनशे-अडीचशेचं. भाडं वाचतं ते बघता सहा महिन्यांत पैसे वसूल झाले. मी नसलो तर भाचा चालवतो. त्याच्याकडे साधं कारचं लायसन्स आहे, पण साडेसात हजार किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला ते पुरतं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

15 सप्टेंबर 2023 ला बेस्टची शेवटची जुनी डबलडेकर 415 नंबरवर, आगरकर चौक ते सीप्झ धावली, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. पंधरा वर्षं भरली म्हणून ती गेली. या टेंपोची 2027 मध्ये भरतील. तेव्हा पासिंगची फी किती पडते ते बघेन आणि पुन्हा हातोडी घेऊन खाली झोपेन.

वास मात्र पुरता गेला नाही. फिनेल झालं, चुना झाला, सुनेने कॉफीची पूड टाकून बघितली. जूनच्या पहिल्या पावसात चेसिसच्या कुठल्या तरी सांदीतून तो परत आला. बिल्डिंगमधली चार मांजरं रात्री गाडीखालीच झोपतात, आणि पहाटे साडेतीनला मी खाली वाकून फडकं आपटल्याशिवाय एकही हलत नाही.