ॲन्युइटी आणि एसडब्ल्यूपी दोन्ही वापरतोय, दीडेक वर्षानंतर काय वाटतं (हयातीच्या दाखल्याचं नीट वाचा)

दोन महिने ॲन्युइटी (विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन मिळणारी आयुष्यभराची पेन्शन) जमा झाली नाही, कंपनीचा ना फोन ना मेसेज, म्हणून आज लिहायला बसलोय.

२०२४ ला रिटायर झालो, सातपूर एमआयडीसीत लेथवर होतो. पीएफ-ग्रॅच्युइटीतले १५ लाख पोस्टात सीनियर सिटिझन स्कीमला ८.२ टक्क्यांनी, १५ लाख बॅलन्स्ड ॲडव्हांटेज फंडात (शेअर आणि कर्जरोखे दोन्हीत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड) टाकून महिना साडेसात हजारांचा एसडब्ल्यूपी, म्हणजे दरमहा तेवढ्या रकमेचे युनिट विकून पैसे काढणं, आणि १० लाखांची ॲन्युइटी, आम्हा दोघांच्या नावावर, दोघांनंतर मूळ रक्कम मुलांना. तिचे महिना साडेपाच हजार येतात. वर १.८ टक्के जीएसटी म्हणजे १८ हजार गेले ते वेगळेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शून्य झालाय, आता घेणाऱ्यांचे तेवढे वाचतात.

आता दाखला. ॲन्युइटी विकताना सांगतात की एकदा पैसे भरा आणि आयुष्यभर बघायला नको. पण माझ्या कंपनीला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो आणि तो नाही पोचला की पैसे बंद. शाखेत गेलो तर मशिनवर अंगठा लागेना, लेथवर काम केलेल्या माणसाचे ठसे कुठून जुळणार, मग म्हणे गॅझेटेड ऑफिसरची सही आणा, कस्टमर केअरवाली म्हणते ऑनलाइन करा, ऑनलाइनला पॉलिसी नंबरच दिसत नाही. आणि इकडे माझी ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ खात्याची छोटी पेन्शन आहे, तिचा दाखला मी घरी बसून मोबाईलसमोर चेहरा धरून जीवन प्रमाण या सरकारच्या ऑनलाइन सेवेवर पाच मिनिटात करतो! सरकारी पेन्शनला जमतं ते १० लाख घेतलेल्या कंपनीला का जमू नये? माझं आज भागतंय, पण ८२ व्या वर्षी, बायको एकटी असताना, हे कोण करणार? पोस्टाची स्कीम दर तिमाहीला मी आहे का विचारत नाही, एसडब्ल्यूपीही विचारत नाही.

शेवटी विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, मग हलले. थकलेले हप्ते आले, व्याज एक रुपया नाही.

इथपर्यंत लिहून ॲन्युइटीला सरळ नापास करणार होतो. पण पासबुक पुढे घेऊन बसलो तेव्हा दुसरी बाजूही दिसली. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (बँकांना ती ज्या दराने पैसे देते तो) साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाचवर आला, शेजारच्यांची एफडी रिन्यू झाली ती कमी व्याजावर. पोस्टाचा माझा दर पाच वर्षांपुरताच पक्का आहे. याच स्कीमचा दर १ एप्रिल २०२० ला ८.६ वरून एकदम ७.४ वर आणला होता, विसरू नका. ॲन्युइटीचा दर मात्र आम्ही दोघं आहोत तोपर्यंत हलणार नाही. आणि सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ मध्ये बाजार पडत होता तेव्हा एसडब्ल्यूपीचा स्टेटमेंट उघडायची भीती वाटायची. हिशोब बघा, एनएव्ही म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव ५० असेल तर साडेसात हजारांसाठी १५० युनिट विकले जातात, ४५ झाली की १६६ च्या वर, म्हणजे भाव पडलेला असतानाच जास्त माल जातो आणि पुढे बाजार वर आला तरी तेवढे युनिट कमी राहतात. सुरुवातीच्या वर्षांतच मोठी मंदी आली तर सगळ्यात जास्त फटका बसतो.

म्हणून माझं मत बदललंय, पण पूर्ण नाही. लाइट बिल, किराणा, मेडिक्लेमचा हप्ता एवढ्यापुरती ॲन्युइटी असावी, सगळी पुंजी त्यात मुळीच नको. साडेपाच हजार वीस वर्षांनीही साडेपाच हजारच राहणार, महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षात त्यांची किंमत निम्मी. वाढ हवी तर ती फंडातूनच येणार.

आणखी एक, मूळ रक्कम परत मिळणारा ऑप्शन एजंट आग्रहाने विकतात. वर्षाला ६६ हजार म्हणजे ६.६ टक्के झाले, पोस्टात त्याच १० लाखांवर ८२ हजार येतात आणि मुद्दल आपलंच. परत न मिळणाऱ्या, एकट्याच्या नावावरच्या प्रकारात मला महिना सात हजारांच्या पुढे सांगितले होते. आम्ही मुलांचा विचार करून पहिला घेतला. टॅक्सचं लिहीत नाही, नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत आमच्यासारख्यांना लागत नाही.

२०२९ ला पोस्टाचे पैसे सुटतील तेव्हा त्यातल्या काहींची परत न मिळणारी ॲन्युइटी बघेन, वय वाढलं की दरही जास्त मिळतो. घ्यायच्या आधी पहिला प्रश्न हाच, जीवन प्रमाणचा चेहऱ्याचा दाखला चालतो का, आणि उत्तर लेखी घेणार. या कंपनीकडून नाही.